माहेरचं नाव

अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या डॅलस शहरात वॉलनट हिल लेनवर मुलींची एक कॅथलिक शाळा आहे. नाव उर्सुलाइन अकादमी. वर्ग फक्त नववी ते बारावी, मुली आठशेच्या आसपास. शाळेच्या आवारात विज्ञान, गणित आणि तंत्रज्ञान यांसाठी एक इमारत आहे, साधारण पंधरा वर्षांपूर्वी बांधलेली. तिच्यासाठी लाखो डॉलर आले ते जगातल्या सगळ्यात श्रीमंत घरांपैकी एका घरातून, म्हणजे बिल आणि मेलिंडा गेट्स या दांपत्याकडून. पण इमारतीवर गेट्स हे नाव शोधून सापडायचं नाही. तिथे आहे ‘फ्रेंच फॅमिली सायन्स, मॅथ अँड टेक्नॉलॉजी सेंटर’. फ्रेंच हे मेलिंडाचं माहेरचं आडनाव. ती या शाळेची १९८२ची विद्यार्थिनी, त्या वर्षीची पहिली.

नॉर्थ कॅरोलिनातल्या ड्यूक विद्यापीठात ती पुढे शिकली, तिथल्या विज्ञानाच्या इमारतीलाही फ्रेंच घराण्याचंच नाव आहे. सासरच्या आडनावाने सगळी दारं उघडत असताना लेकीने दोन्ही ठिकाणी आईवडिलांचं नाव लावलं. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर किंवा शाळेच्या भिंतीवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ अशी पाटी बसवणाऱ्या लेकी कमी नाहीत, त्यामुळे मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. नवल पुढे आहे. ज्या शाळेने ही पाटी लावली, तिच्यावर काही वर्षांतच अशी वेळ आली की या लेकीचा अभिमान आहे असं म्हणणंच महाग पडावं. त्या वेळी शाळा काय बोलली, त्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

आधी घर पाहू. वडील रे फ्रेंच एरोस्पेस अभियंता, अपोलो मोहिमेच्या कामात होते. आई इलेन घर सांभाळायची. दोन मुली, दोन मुलगे. चौघांनाही चांगल्या कॉलेजात घालायचं हे आईवडिलांनी ठरवून टाकलं होतं, आणि एका पगारात ते बसणारं नव्हतं. म्हणून त्यांनी जोडधंदा काढला, घरं विकत घेऊन भाड्याने द्यायचा. शनिवार-रविवार आला की सगळं कुटुंब कामाला. भाडेकरू गेलेल्या घरातली ओव्हन घासायची, फरशा पुसायच्या, अंगणातलं गवत कापायचं. हिशेब ठेवायला पुढे घरात संगणक आला आणि तो हाताळायचं काम मेलिंडाच्या वाट्याला आलं. वडील म्हणायचे की अपोलोच्या कामात ज्या गटांत गणित जाणणाऱ्या बायका असायच्या ते गट सरस ठरायचे. हे वाक्य मुलीच्या कानावर पडत होतं. सत्तरच्या दशकातल्या टेक्सासमधल्या किती घरांत ते बोललं जात असेल!

शाळेत गणिताला सुझन बाउअर नावाच्या बाई होत्या. ऑस्टिनला एका परिषदेला गेल्या असताना त्यांनी ॲपल कंपनीचे संगणक पाहिले. परत आल्या त्या थेट मुख्याध्यापिका सिस्टरांकडे. ही यंत्रं आपल्या मुलींना मिळाली पाहिजेत, असा त्यांनी धोशा लावला. स्वतः त्यांना तरी कुठे येत होतं? घरात लहान मुलगे होते. ते सांभाळून त्या संध्याकाळच्या वर्गांना जायच्या, आधी आपण शिकायच्या आणि मग वर्गात शिकवायच्या. सिस्टरांनी पैसे काढले आणि शाळेत मोजकी ॲपल टू प्लस यंत्रं आली.

ते यंत्र आजच्या मुलींना दाखवलं तर त्या हसतील. ॲपल टू प्लस १९७९ साली बाजारात आलं. त्याची स्मृती ४८ किलोबाइट, म्हणजे आज फोनवर आलेलं एखादं ‘शुभ दीपावली’चं चित्रही मावणार नाही एवढी. इंग्रजीची लहान लिपी त्याला येतच नसे. काहीही टंकलं तरी सगळं मोठ्या अक्षरांत. सूचना बेसिक नावाच्या भाषेत ओळीओळीने द्यायच्या, प्रत्येक ओळीला आकडा. एक स्वल्पविराम चुकला तरी यंत्र चूक दाखवून थांबून राही. केलेलं काम पातळ, वाकणाऱ्या फ्लॉपीवर जपून ठेवायचं. मुली शेकड्यांनी आणि यंत्रं बोटांवर मोजण्याइतकी, म्हणजे रांग आलीच. पण रांगेत सगळ्या मुलीच. ‘हे काम पोरांचं, सरक बाजूला’ म्हणणारं त्या खोलीत कुणी नव्हतं. मुलींच्या वेगळ्या शाळा असाव्यात की नसाव्यात हा वाद जुना आहे, आणि मी स्वतः वेगळ्या शाळांच्या बाजूची नाही. तरी त्या खोलीपुरतं मला मान्य करावं लागतं की वेगळेपणाचा फायदा झाला.

या मुलीचं वेळापत्रक कडक होतं. रोज मैलभर धावायचं, रोज एक नवा शब्द शिकायचा, अशी उद्दिष्टं ती स्वतःला लावून घ्यायची. नामांकित विद्यापीठांत शाळेच्या पहिल्या एकदोघींनाच प्रवेश मिळतो हे तिने आधीच पाहून ठेवलं होतं, म्हणून पहिलं यायचं ठरवलं आणि आली. शाळेचं ब्रीद ‘सेर्व्हियाम’, मी सेवा करीन. ते नुसतं बोधचिन्हावर ठेवून भागत नसे. सरकारी शाळेत जाऊन मुलांचा अभ्यास घेणं वगैरे कामं मुलींना करावी लागत. पुढच्या शिक्षणासाठी घरच्यांचा ओढा नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठाकडे होता. तिथे भेट दिली तेव्हा संगणक ही तात्पुरती हौस आहे, तो विभाग आम्ही कमी करतोय, असं कानावर पडलं. मुलगी ड्यूकला गेली. १९८६ला संगणकशास्त्र आणि अर्थशास्त्राची पदवी, १९८७ला एमबीए, त्याच वर्षी मायक्रोसॉफ्ट. १९९४ला बिल गेट्सशी लग्न, २०००मध्ये दोघांच्या नावाची संस्था. हा भाग सगळ्यांना ठाऊक आहे.

ज्या सिस्टरांनी त्या यंत्रांसाठी पैसे काढले त्यांच्याबद्दल मात्र फारसं कुणी लिहीत नाही. उर्सुलाइन संघाची सुरुवात इटलीतल्या ब्रेशिया गावात १५३५मध्ये एंजेला मेरिची या बाईने केली. तिची कल्पना त्या काळाच्या मानाने धाडसाची होती. लग्न करायचं नाही, पण मठातही जायचं नाही. आपापल्या घरी राहायचं आणि गावातल्या मुलींना शिकवायचं. बाईला नवरा तरी हवा नाहीतर मठाची भिंत तरी हवी, असं मानणाऱ्या समाजाला हे पचलं नाही, आणि पुढच्या शंभरेक वर्षांत बहुतेक उर्सुलाइन बायकांना चर्चने भिंतीआड नेलंच. शिकवणं तेवढं सुटलं नाही. १७२७ला काहीजणी फ्रान्सहून जहाजाने न्यू ऑर्लिन्सला आल्या. त्यांनी काढलेली मुलींची शाळा आजही चालू आहे. (त्याच सिस्टरांनी काळी माणसं गुलाम म्हणून बाळगली, हेही त्या इतिहासात आहे. ते गाळून पुढे जाता येत नाही.) तिथून १८४७मध्ये टेक्सासच्या किनाऱ्यावर गॅल्व्हेस्टनला, आणि तिथून १८७४च्या जानेवारीत सहा सिस्टर डॅलसला. रेल्वे नुकतीच आलेली, शहर म्हणावं असं फारसं काही नव्हतं. आज डॅलसमधली अखंड चालू असलेली सगळ्यात जुनी शाळा हीच. आपल्याकडे छोटानागपूरच्या पठारावर १९०३मध्ये आलेल्या बेल्जियन सिस्टरही याच परंपरेतल्या. रांचीचं उर्सुलाइन कॉन्व्हेंट त्यांचं.

अशी शाळा चालते कशावर? इथे आपल्याकडचा हिशेब लागू पडत नाही. महाराष्ट्रात चर्चच्या कितीतरी शाळा अनुदानित आहेत. मुंबई-पुण्याची जुनी कॉन्व्हेंटं घ्या किंवा वसईच्या कॅथलिक पट्ट्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळा घ्या, मान्यताप्राप्त तुकड्यांवरच्या शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून होतो, आणि ३०व्या कलमाने अल्पसंख्याकांना संस्था चालवायचा हक्कही दिला आहे. अमेरिकेत शाळा काढायचा हक्क आहे. ओरेगॉन राज्याने सगळ्या मुलांना सरकारी शाळेतच घालायची सक्ती केली तेव्हा सिस्टरांच्याच एका संघाने दावा लावला, आणि १९२५मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो जिंकला. पण पैशाचं दार बंद. पेनसिल्व्हेनिया आणि ऱ्होड आयलंड या राज्यांनी कॅथलिक शाळांतल्या शिक्षकांच्या पगाराला हातभार लावायचं ठरवलं, तर १९७१मध्ये त्याच न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. अलीकडे काही राज्यांनी पैसे शाळेला न देता पालकांच्या खात्यात द्यायची वाट काढली आहे. टेक्सासनेही २०२५मध्ये तसा कायदा केला. तोवर दीडशे वर्षं डॅलसच्या सिस्टरांनी सरकारी अनुदानाशिवाय शाळा चालवली.

त्यांना ते जमलं, कारण त्या स्वतः जवळजवळ फुकट राबत होत्या. अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांचं सगळं अर्थकारण या फुकटच्या श्रमावर उभं होतं. १९६५च्या सुमाराला त्या देशात सुमारे १ लाख ८० हजार सिस्टर होत्या. आज ४० हजारही नाहीत, आणि आहेत त्यांतल्या बहुतेक म्हाताऱ्या. वर्गात सिस्टर उभी असायची तिथे आता पगारी शिक्षक आला. त्याला घर आहे, कर्ज आहे, मुलं आहेत. त्याला पुरेसा पगार द्यायचा तर फी वाढते. डॅलसच्या या शाळेची वर्षाची फी २० हजार डॉलरच्या वर आहे. फी वाढली की गरीब घरच्या मुली गळतात, त्यांना ठेवायचं तर शिष्यवृत्त्या हव्यात, आणि शिष्यवृत्त्यांसाठी माजी विद्यार्थिनींच्या दारात जायला हवं. म्हणून प्रत्येक शाळेत देणग्या गोळा करणारं वेगळं कार्यालय असतं. कोण कुठे नोकरीला लागली, कुणाची कंपनी विकली गेली, कुणाच्या घरी मूल झालं, याची बित्तंबातमी तिथे ठेवली जाते. दरवर्षी मेजवानी, भाषणं, सन्मान. आपल्याकडच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात शाल-श्रीफळ देऊन फोटो काढतात आणि पुढच्या वर्षीपर्यंत सगळे आपापल्या वाटेने जातात. तिकडे सन्मान हा शाळेच्या अंदाजपत्रकाचाच भाग झालेला आहे.

नुसती नामांकित विद्यार्थिनी असून भागत नाही, हे बाल्टिमोरने दाखवलं. तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ नोत्र दाम या मुलींच्या कॅथलिक शाळेतून नॅन्सी पेलोसी शिकल्या, ज्या अमेरिकी लोकप्रतिनिधिगृहाच्या पहिल्या महिला सभापती झाल्या. सिनेटर बार्बरा मिकल्स्कीही तिथल्याच. शाळा १८४७ची. मुली कमी होत गेल्या, जुन्या इमारतीच्या दुरुस्तीचा खर्च आवाक्याबाहेर गेला, आणि २०२०च्या उन्हाळ्यात शाळा बंद झाली. साठच्या दशकात अमेरिकेत सुमारे १३ हजार कॅथलिक शाळा होत्या. आता निम्म्याहून कमी उरल्या आहेत.

आता २०१२.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये बर्लिनला एका व्यासपीठावरून मेलिंडाने जाहीर केलं की गरीब देशांतल्या बायकांपर्यंत गर्भनिरोधकं पोचवणं हे आपलं यापुढचं काम. बोलताना तिने आपल्या शाळेचा आणि तिथल्या सिस्टरांचा उल्लेख केला. सामाजिक न्याय आणि सेवा यांचं महत्त्व त्यांनी शिकवलं, असं ती म्हणाली. जुलैत लंडनला शिखर परिषद झाली. २०२०पर्यंत आणखी १२ कोटी बायकांना साधनं मिळावीत असं उद्दिष्ट ठरलं, २६० कोटी डॉलरची वचनं गोळा झाली. तिच्या चर्चची भूमिका पोप सहावे पॉल यांनी १९६८च्या ‘ह्युमाने व्हिते’ या पत्रातून स्पष्ट केलेली होती. कृत्रिम संततिनियमन निषिद्ध. व्हॅटिकनच्या ‘लोसेर्व्हातोरे रोमानो’ या वृत्तपत्राने त्या महिन्याच्या अखेरीस तिच्यावर टीकालेख छापला.

ती बोलायला का उभी राहिली याचं एक कारण उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यात आहे. तिने ‘द मोमेंट ऑफ लिफ्ट’ या २०१९च्या पुस्तकात ते सांगितलं आहे. माता-बालकांच्या एका कार्यक्रमाचं काम पाहायला ती गेली होती. नुकतीच बाळंत झालेली एक बाई बाळाला घेऊन बसलेली. दवाखान्यात सुखरूप बाळंतपण झालं होतं, कार्यक्रमाच्या दृष्टीने सगळं यशस्वी. गप्पांच्या ओघात मेलिंडाने विचारलं, आणखी मुलं हवीत का? बाईने मान खाली घातली, बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली की नकोत, आहेत त्यांनाच खायला घालायला काही नाही. आणि पाहुणीला विनवू लागली की हे बाळ आणि थोरला, दोघांनाही तुम्हीच घेऊन जा. पाहुणीपाशी द्यायला काही उत्तर नव्हतं. बाळंतपण सुखरूप व्हावं म्हणून पैसे खर्च होत होते आणि ज्या बाईला बाळंतपणच नको होतं तिला विचारलंच जात नव्हतं. गेट्स फाउंडेशनच्या पैशांतून चाललेला हा ‘शुअर स्टार्ट’ कार्यक्रम उत्तर प्रदेशाबरोबर महाराष्ट्रातही होता. मुंबई, नवी मुंबई, पुणे, नागपूर, सोलापूर, नांदेड आणि मालेगावच्या गरीब वस्त्यांत त्याचं काम चालायचं.

डॅलसमध्ये मात्र वादळ उठलं. कर्मठ कॅथलिक मंडळींनी शाळेला पत्रं पाठवली. चर्चच्या शिकवणीविरुद्ध उघड बोलणाऱ्या बाईचं कौतुक कॅथलिक शाळेने कसं करावं, असा त्यांचा सवाल. शाळेपुढे सोप्या वाटा होत्या. गप्प बसता आलं असतं. किंवा तिची मतं वैयक्तिक आहेत, शाळेचा संबंध नाही, असं दोन ओळींत झटकता आलं असतं. संस्था हेच करतात, तिकडच्या काय आणि इकडच्या काय.

उर्सुलाइनने निवेदन काढलं. आम्हाला मेलिंडा फ्रेंच गेट्सचा अभिमान आहे. ती सदसद्विवेकबुद्धीने वागते. काहींना तिची मतं पटणार नाहीत, पण अभ्यासातून आणि अनुभवातून बोलण्याचा तिचा हक्क आम्ही मानतो. अशा आशयाचं ते होतं. सिस्टरांकडून तिला खासगीतही पाठिंब्याचे शब्द गेले, हे तिनेच मुलाखतीत सांगितलं.

या धाडसाची किंमत कळायला त्या एप्रिलची दुसरी बातमी आठवावी लागते. बर्लिनच्या भाषणानंतर दोनच आठवड्यांत, १८ एप्रिल २०१२ला, व्हॅटिकनने अमेरिकेतल्या सिस्टरांच्या प्रमुख संघटनेवर ठपका ठेवणारा अहवाल जाहीर केला. गरिबांची कामं तुम्ही करता, पण गर्भपात आणि समलिंगी विवाह यांवर चर्चची बाजू पुरेशी मांडत नाही, असा त्याचा रोख. संघटना सुधारण्यासाठी तिच्यावर एका आर्चबिशपांची देखरेख बसवली. ते आर्चबिशप सिएटलचे, म्हणजे मेलिंडा राहते त्याच भागाचे. देखरेख उठली ती २०१५मध्ये, पोप फ्रान्सिस यांच्या काळात. थोडक्यात, सिस्टर स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात असताना त्यांच्यातल्या काहीजणी एका माजी विद्यार्थिनीसाठी उभ्या राहिल्या. त्यांचा आधार चर्चच्या परंपरेतलाच होता. माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, १९६२ ते ६५च्या त्या सुधारणापर्वात, मोठा मान दिला होता, आणि मेलिंडाला शिकवणाऱ्या सिस्टर त्याच वाऱ्यात वाढलेल्या.

मराठी वाचकाला इथे र. धों. कर्वे आठवल्याशिवाय राहणार नाहीत. त्यांनी मुंबईत १९२१मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं. तेव्हा ते विल्सन कॉलेजात गणित शिकवत होते. कॉलेज ख्रिस्ती मिशनचं, कॅथलिक नव्हे, स्कॉटिश. प्रचार सोडा नाहीतर नोकरी सोडा, असं त्यांच्यापुढे आलं आणि १९२५मध्ये त्यांनी नोकरी सोडली. पुढे १९२७पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं, खटले अंगावर घेतले. घर बव्हंशी पत्नी मालतीबाईंच्या कमाईवर चाललं. गणिताचे प्राध्यापक, विषय तोच, संस्था धर्माच्या छत्राखालची. मुंबईतल्या कॉलेजने माणूस गमावला, डॅलसच्या शाळेने लेक राखली. कर्व्यांच्या मागे अब्जावधी डॉलर नव्हते, हा फरक आहेच. आणि पैसा आहे म्हणून शाळेने तिला धरून ठेवलं, असंही कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. इमारत आधीच उभी होती, पैसे मिळून चुकले होते. गप्प राहून शाळेचा काही तोटा नव्हता, आणि बोलण्याने उलट इतर कर्मठ देणगीदार दुखावण्याचा धोका होता.

पण शाळेला संत ठरवायलाही मी तयार नाही. श्रीमंत वस्तीतल्या, पैसेवाल्यांच्या मुली जिथे शिकतात तिथे आणखी एक झकपक प्रयोगशाळा उभी राहिली, यात गरिबांचं काय झालं, हा प्रश्न रास्त आहे. त्याच डॅलसमध्ये प्लेझंट ग्रोव्ह या कष्टकरी भागात २०१५मध्ये क्रिस्तो रे नावाची कॅथलिक शाळा निघाली. तिथली मुलं आठवड्यातला एक दिवस कंपन्यांच्या कचेऱ्यांत काम करतात आणि त्या कमाईतून त्यांच्या फीचा मोठा भाग भागतो. जेझुइटांनी १९९६मध्ये शिकागोत सुरू केलेली ही पद्धत देशभर पसरवायला सुरुवातीच्या काळात गेट्स फाउंडेशननेही मदत केली होती. एकाच घराच्या देण्यांतला कोणता डॉलर जास्त कामाला आला असं विचारलंत, तर माझं मत प्लेझंट ग्रोव्हच्या बाजूने पडेल. आणि औदार्याचं म्हणाल, तर बायबलमध्ये मंदिराच्या दानपेटीत आपली शेवटची दोन नाणी टाकणाऱ्या विधवेची गोष्ट आहे. त्या मापाने अब्जाधीश बाईचं दान लहानच ठरेल. हे सिस्टरांना सांगायला नको. त्या ती गोष्ट वर्गात शिकवत आल्या आहेत.

शाळेने २०१२मध्ये दिलेल्या शब्दाची पुढची कसोटी अजून कठीण आहे. २०१४मध्ये मेलिंडाने स्पष्ट केलं होतं की फाउंडेशन गर्भपातासाठी पैसे देत नाही. तेवढी रेघ ती पाळत होती, आणि शाळेलाही त्यामुळे सोपं जात होतं. २०२१मध्ये घटस्फोट झाला. २०२४च्या मे महिन्यात तिने फाउंडेशन सोडत असल्याचं जाहीर केलं आणि करारानुसार १,२५० कोटी डॉलर घेऊन स्वतःच्या वाटेने निघाली. लगेच बायका आणि कुटुंबं यांच्यासाठी दोन वर्षांत १०० कोटी डॉलरची घोषणा केली. त्यात ज्यांना पैसे गेले त्यांत सेंटर फॉर रिप्रॉडक्टिव्ह राइट्स ही संस्था आहे, गर्भपाताच्या हक्कासाठी न्यायालयात लढणारी. टेक्सासमध्ये आज गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आहे. गर्भनिरोधकांच्या बाबतीत चर्चमधले असंख्य संसारी लोक चर्चचं ऐकत नाहीत, हे उघड गुपित आहे. गर्भपाताचं तसं नाही. तिथे शाळेतल्या पालकांतही खोल फूट असणार. आता कुणी पत्रं लिहिली तर शाळेने काय करावं? माझ्या मते २०१२चं निवेदन या वेळीही पुरे पडावं. अभिमान आहे असं म्हणताना सहमती आहे असं म्हणावं लागत नाही. आईबाप लेकीबद्दल हे रोज करतात.

हे सगळं वाचून आपल्या शाळेची आठवण झाली असेल तर एक विनंती. इमारतीला, व्यासपीठाला, कमानीला पैसे देणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, कारण तिथे नावाची पाटी बसते. बाउअरबाईंच्या ऑस्टिनच्या फेरीला आणि संध्याकाळच्या वर्गांना कुणी देणगीदार नव्हता. तुमच्या शाळेत आज असा कुणी शिक्षक असेल, ज्याला काही नवं शिकून यायचं आहे आणि शाळेपाशी त्यासाठी पैसे नाहीत. अनुदानात पगार बसतो, हे बसत नाही. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की मुख्याध्यापकांना फोन करा, त्या शिक्षकाचं नाव विचारा, आणि त्याच्या प्रशिक्षणाची फी व येण्याजाण्याचा खर्च भरा. पावती शाळेच्या नावे घ्या.